जिभाऊंची चोरी आणि तांब्याचं पिंप

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचंय ते एका तांब्याच्या पिंपाबद्दल. अमेरिकेत सिएटल शहरात, वॉशिंग्टन विद्यापीठात हे पिंप आहे. उंची मीटरभर, आतून तांब्याचा मुलामा, आणि रिकामं. अगदी रिकामं. आतली हवासुद्धा काढून घेतलेली. या रिकाम्या पिंपाला कान लावून शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं बसलेत, आणि आजवर त्यांच्या वहीत शेवटी एकच नोंद होत आलीय : 'काही नाही'. या 'काही नाही'ची किंमत काय, एवढंच मला आज सांगायचंय.

ऐकतायत कसली चाहूल? कृष्णद्रव्याची. विश्वात जेवढं द्रव्य आहे, त्यातलं शेकडा पंच्याऐंशी दिसतच नाही. 1970 च्या सुमारास व्हेरा रुबिन या खगोलशास्त्रज्ञ बाईंनी देवयानी दीर्घिकेतल्या, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांच्या एका मेळ्यातल्या, ताऱ्यांचा वेग मोजला, तर कडेचे तारे हवे त्यापेक्षा फार जोरात पळताना दिसले. कुणीतरी न दिसणारं त्यांना धरून ठेवतंय, एरवी ते केव्हाच उधळले असते. हे न दिसणारं म्हणजे 'ॲक्सिऑन' नावाचे कण असतील, असा एक अंदाज आहे. हे नाव कपडे धुण्याच्या एका पावडरीवरून ठेवलंय बरं का! भौतिकशास्त्राच्या गणितात एक डाग होता, तो या कणानं धुऊन निघतो म्हणून. आपल्याकडे शास्त्रीय नाव ठेवायचं म्हटलं की आधी संस्कृत कोश उघडतात. असो.

आता घागर आठवा. घागर नळाखाली लावली की आवाज आधी घुमतो, मग पाणी चढेल तसा बारीक होत जातो. आमची माय अंधारात, पाठ फिरवून, नुसत्या आवाजावरून सांगायची, 'भरली, नळ बंद कर.' आतली पोकळी बदलली की तिचा सूर बदलतो. पिंपाचंही तेच, फक्त तिथे सूर मायक्रोवेव्ह लहरींचा, आणि पाण्याऐवजी आत तांब्याचे दांडे. दांडा तसूभर फिरवला की सूर बदलतो. 1983 मध्ये पिएर सिकिवी या भौतिकशास्त्रज्ञांनी सुचवलं, की असं पिंप जबरदस्त चुंबकात ठेवा. त्या चुंबकात ॲक्सिऑनची लहर होईल, आणि तिचा सूर पिंपाच्या सुराशी जुळला तर पिंप घुमेल. तो सूर कोणता, हे कुणालाच माहीत नाही. म्हणून दांडा फिरवायचा, ऐकायचं, पुन्हा फिरवायचा, पुन्हा ऐकायचं. जुन्या रेडिओवर आपण स्टेशन शोधायचो तसं. (हल्लीच्या पोरांना बटण दाबलं की स्टेशन मिळतं, खरखरीतून आवाज वर येतानाची गंमत त्यांना कशी कळणार?)

आणि घुमणार किती? एका वॅटचे भाग करा, एकावर बावीस-तेवीस शून्यं इतके. त्यातला एक. म्हणून पिंप उणे 273 अंशांच्या उंबरठ्यापर्यंत गार करतात, नाहीतर त्याच्या स्वतःच्या उबेचीच खरखर व्हायची.

आता जिभाऊंकडे येतो. खरं तर त्यांच्यासाठीच मी हा विषय घेतला.

गिरणाकाठी, भडगाव तालुक्यात आमचा केळीचा मळा. जिभाऊ म्हणजे माझे मोठे काका. मी बारावीची परीक्षा देऊन घरी आलेलो, आणि त्या उन्हाळ्यात विहिरीवरच्या मोटारींच्या केबली चोरीला जायला लागल्या होत्या. केबल कापायची, नाल्यात नेऊन जाळायची आणि आतलं तांबं विकायचं. जिभाऊंनी मला राखणीला बसवलं. विहिरीजवळ बाज, एक काठी, एक बॅटरी. तशीही मोटार लावायला रात्री जागावंच लागायचं. शेतीची वीज रात्रीच का येते, हा वेगळ्या भाषणाचा विषय आहे, आणि ते भाषण मला कुणी करू देणार नाही.

पहिल्या सकाळी जिभाऊंनी विचारलं, "रातले कोनी उनं व्हतं का?"

"कोनी नई."

दुसऱ्या सकाळी तेच. तिसऱ्या सकाळी तेच. चौथ्या सकाळी जिभाऊ चहाची बशी खाली ठेवत म्हणाले, "कोनी उनं नई, आनि तू झोपेल व्हता. दोन्हीस्नं उत्तर एकच!"

मला राग आला. पण बोलणार काय? मी जागा होतो हे मी सिद्ध करणार कसं?

पाचवी रात्र. अडीचचा सुमार असेल. केळीची वाळकी पानं पायाखाली कशी वाजतात, ते केळीवाल्यांना सांगायला नको, पापड मोडल्यासारखी. तसा आवाज आला. थांबला. पुन्हा आला. मी बॅटरी लावली नाही. काठी घेतली, बाजेवरून उतरलो. केबलीच्या खांबाशी घोंगडी पांघरलेलं कुणीतरी वाकलेलं. "कोन शे रे?" म्हणालो, आणि उत्तराची वाट न बघता एक ठेवून दिली.

"अरे मी शे, मी! मारी टाकशी का काकाले!"

डाव्या खांद्यावर बसली होती. मी थरथर कापतोय, रडायच्या बेतात, आणि जिभाऊ खांदा चोळत हसतायत. घरी येऊन हळद-तेल लावून घेताना मायला म्हणाले, "पोऱ्या जागा शे." त्यानंतर मी सकाळी 'कोनी नई' म्हणालो की जिभाऊ पुढे एक शब्द विचारत नसत. अधूनमधून मात्र न सांगता यायचेच. फक्त खांद्यावर गोणपाटाची घडी घालून.

श्रोतेहो, सिएटलच्या लोकांनी नेमकं हेच केलं. गटातले मोजके जण गुपचूप खोटी लहर पिंपात सोडतात, हुबेहूब ॲक्सिऑनसारखी. बाकीच्यांना पत्ता नसतो. त्यांनी ती पकडली, तर कान जागा आहे. नाही पकडली, तर इतक्या रात्रींचं 'काही नाही' पाण्यात.

एकदा तर एक लहर सापडली, ती चाचणीमागून चाचणी पास होत गेली. पुन्हा ऐकलं, तिथेच. बाहेरच्या एखाद्या यंत्राचा गोंगाट म्हणावा, तर तसंही नाही. शेवटची चाचणी उरली होती चुंबकाची ताकद उतरवायची, कारण खरा ॲक्सिऑन असेल तर चुंबक उतरला की लहरही विझणार. तेवढ्यात उघड झालं, की ही आपल्याच माणसांनी सोडलेली. त्या वेळी तिथल्या पोरांची तोंडं कशी झाली असतील, ते मला नेमकं माहीत आहे.

2018 साली त्यांनी 645 ते 680 मेगाहर्ट्झच्या सुरांच्या पट्ट्यात 'काही नाही' असं जाहीर केलं, तेव्हा ती मोठी बातमी ठरली. ॲक्सिऑनच्या दोन ठळक अंदाजांपैकी जास्त लाजऱ्याचीही चाहूल लागेल इतका तीक्ष्ण कान तोवर कुणाकडेच नव्हता. 2021 पर्यंत ते हजार मेगाहर्ट्झच्या पुढे सरकले. तिथेही काही नाही. जागा राहून म्हटलेलं 'काही नाही'. दांडा अजून फिरतोच आहे.

मळ्यात आता सीसीटीव्ही लागलाय. परवा पुतण्या मोबाईलवर जिभाऊंना विहीर दाखवत होता. जिभाऊंनी चष्मा वर केला, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "पन कॅमेरा जागा शे का, हाई कोन दखस?"

नमस्कार.