वर्दीनंतरचे दिवस

(अग्निशमन सेवा सप्ताहात जवान आणि त्यांच्या कुटुंबीयांसमोर एका मानसशास्त्रज्ञ बाईंनी दिलेलं व्याख्यान, संपादित)

या सप्ताहात शिडीची, होजची प्रात्यक्षिकं होतात. मी दाखवण्यासारखं काही आणलेलं नाही, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाजाचा स्फोट झाला आणि दलाचे 66 जण गेले. त्यांना आपण दरवर्षी मानवंदना देतो. माझं मन मात्र जे परतले त्यांच्याकडे जातं. आगी पुढे काही दिवस धुमसत होत्या, म्हणजे सोबती गेले तरी यांना पुन्हा पाइप धरून उभं राहावं लागलंच. त्यांना झोप लागत होती का, हे कुणी विचारलं असेल? त्यांच्या अवस्थेला तेव्हा धड नावही नव्हतं. 'पीटीएसडी', म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मनात घर करून राहणारा आघाताचा विकार, हे निदान अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या पुस्तकात 1980 मध्ये आलं, तेही व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांनी आणि त्यांच्या डॉक्टरांनी लावून धरलं म्हणून.

आता परिस्थिती उलटी झालीय. मोठी वर्दी, म्हणजे आगीचा कॉल, झाली, की दुसऱ्याच दिवशी समुपदेशक बोलवायचा, सगळ्यांना गोल बसवायचं आणि म्हणायचं, 'बोला, मोकळे व्हा.' हे मला पटत नाही.

या पद्धतीमागचा हेतू चांगलाच होता. 1983 मध्ये ती मांडणारे जेफ्री मिचेल स्वतः अग्निशमन दलात काम केलेले. पण पुढे ब्रिटनमध्ये भाजलेल्या रुग्णांचा एक अभ्यास झाला, तो 1997 मध्ये छापून आला. काही रुग्णांना अपघातानंतर लवकरच एकदा बसवून सगळं सांगायला लावलं, काहींना नाही. 13 महिन्यांनी पाहिलं, तर सांगायला लावलेल्यांपैकी 26 टक्क्यांना पीटीएसडी होता, बाकीच्यांपैकी 9 टक्क्यांना. मिचेल यांच्या बाजूनं दोन गोष्टी सांगायला हव्यात. त्यांची पद्धत गटासाठी होती, एकेकट्या रुग्णासाठी नव्हती. आणि त्या पहिल्या गटातले लोक मुळातच जरा जास्त भाजलेले होते. तरी ब्रिटनच्या आरोग्यविषयक मार्गदर्शक सूचना आज स्पष्ट सांगतात, की हे करू नका.

मग पहिल्या दिवसांत काय करायचं? जेवण, पाणी, घरी फोन, आणि शक्य असेल तर पुढची पाळी बदलून देणं. स्वतःहून बोलला तर ऐका, नाही बोलला तर खोदून विचारू नका. बहुतेक जण काही आठवड्यांत आपोआप सावरतात, त्यांना माझी गरज नसते.

महिना उलटला तरी तोच प्रसंग डोळ्यांपुढे येतोय, तो रस्ता टाळला जातोय, भांडं पडलं तरी दचकायला होतंय, मुलांवर हात उगारला जातोय, तर मात्र या. अशा वेळी आम्ही नेमकं काय करतो, ते एका जवानाच्या उदाहरणावरून सांगते. तो चार-पाच जणांचा मिळून केलेला आहे, ओळखायच्या भानगडीत पडू नका. धुरानं भरलेल्या घरातून त्यानं मूल बाहेर काढलं, पण ते गेलेलं होतं. तेव्हापासून रात्री उठून उठून गॅसचा रेग्युलेटर बघायचा. बायको वैतागली होती. त्याच्या डोक्यात एकच: 'मी आधी डावीकडे गेलो. उजवीकडे गेलो असतो तर पोरगं वाचलं असतं.'

त्याला डोळे मिटून तो प्रसंग आत्ता घडतोय असा सांगायला सांगितलं. 'मी दारात आहे, मी वाकतोय.' दीड तासाचं सत्र. त्याचं रेकॉर्डिंग घरी रोज ऐकायचं. ऐकायला क्रूर वाटतं, मला मान्य आहे. पण हे मनाची तयारी करून, दर आठवड्याला, त्याच्या संमतीनं चालतं. दुसऱ्या दिवशीच्या त्या गोल बैठकीत आणि यात हाच फरक आहे. चौथ्या-पाचव्या वेळी सांगताना तो मध्येच थांबला. म्हणाला, 'मॅडम, हात भिंतीला होता. समोरचं काही दिसतच नव्हतं. भिंत डावीकडे गेली म्हणून मी डावीकडे गेलो.' प्रशिक्षणात शिकवलं होतं, नेमकं तेच त्यानं केलं होतं. मी हे पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर त्यानं ऐकून घेतलं असतं आणि रात्री पुन्हा रेग्युलेटर बघितला असता.

पण असे लोक येतात कुठे? हवालदाराला वाटतं, हत्यार काढून घेतील, साइड पोस्टिंगला टाकतील. फौजीला मेडिकल कॅटेगरी खाली जायची धास्ती. सैन्याच्या त्या 'शेप' वर्गवारीतलं पहिलंच अक्षर मनाचं आहे. तुम्हाला बंबावरून उतरवून कार्यालयात बसवतील अशी भीती. ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. म्हणूनच माझा आग्रह आहे, की समुपदेशक खात्याच्या पगारावरचा नसावा आणि त्याचा कागद साहेबांच्या टेबलावर जाऊ नये. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं 23 वं कलम गोपनीयतेचा हक्क देतं. जिवाला धोका असेल तर अपवाद आहे, तो मी पहिल्याच भेटीत सांगून टाकते.

माजी सैनिकांचं आणखी वेगळं. साताऱ्या-कोल्हापूरकडचा गडी चाळिशीच्या आत-बाहेर निवृत्त होतो, पुण्यात कुठल्यातरी सोसायटीच्या गेटवर उभा राहतो आणि संध्याकाळी कॅन्टीनची रम. घरचे म्हणतात, दारूनं बिघडला. पुष्कळदा झोप आधी गेलेली असते, दारू मागून आलेली असते. ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, पॉलिक्लिनिकमध्ये फक्त बीपी-शुगर दाखवून परत येऊ नका, झोपेचंही सांगा. आणि कुणाच्या नजरेला पडायचं नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

आता प्रश्न घेऊ. साहेब इथंच बसलेत, तेव्हा चिठ्ठीवर लिहून पुढे पाठवा. नाव घालू नका.