खुरांखालची वाळू

(पहाट. अलिबागचा किनारा, ओहोटी लागलेली.)

ओहोटीच्या वेळी इथे अनवाणी चालून बघा. सुरूच्या बनाजवळची वाळू कोरडी असते. पाय रुततो, आणि पन्नास पावलांत पोटऱ्या भरून येतात. समुद्राकडे सरकलं की एक ओला पट्टा लागतो. तिथे पाऊल टेकतं, नीट उमटतं, अलगद उचललं जातं. अजून पुढे, लाटेच्या तोंडाशी गेलं की टाचेखालची वाळू निसटू लागते. तिन्हीकडे वाळू तीच आहे, पाणी तेवढं वेगळं.

ड्रेसेज म्हणजे घोड्याने स्वाराच्या इशाऱ्यावर तालात, नेटक्या चाली करून दाखवण्याचा खेळ. त्या घोड्याला रोज तो मधला पट्टा हवा असतो.

२०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताने ड्रेसेजचं सांघिक सुवर्ण जिंकलं. घोडेस्वारीतलं सुवर्ण ४१ वर्षांनी आलं होतं. आम्ही पागेतले सगळे मोबाइलला चिकटून बसलो होतो. सगळ्यांची नजर घोड्यांवर आणि स्वारांवर होती. माझी मात्र पुन्हा पुन्हा खाली, वाळूवर जात होती. त्याला कारण होतं.

(रिंगण. घोडी कॅंटरमध्ये. पायांचं जवळचं दृश्य, संथ गतीत.)

हा पाय बघा. कॅंटर म्हणजे घोड्याची तालातली दौड. तिच्या प्रत्येक झेपेत असा क्षण येतो, जेव्हा पाचशे किलोंचं जनावर एकाच पायावर उभं असतं. जमीन टणक असेल तर हादरा सांध्यांत जातो. भुसभुशीत असेल तर खूर बुडतो आणि पायामागच्या कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारे दोर, ताणले जातात. निसरडी असेल तर घोडा अंग चोरतो, पाऊल आखडतं टाकतो. मग स्वाराने कितीही शिकवलं तरी ती चाल फुलत नाही.

आमचं रिंगण भाताच्या खाचरावर आहे, आणि खरी अडचण तिथेच होती. खाचर म्हणजे पिढ्यान् पिढ्या बांध घालून पाणी धरून ठेवायला शिकवलेली जमीन. रिंगण २० मीटर रुंद, ६० मीटर लांब. जुलैत एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर एवढ्या जागेवर एक लाख वीस हजार लिटर पाणी येतं. दहा हजार लिटरचे बारा टँकर! ते जाणार कुठे?

म्हणून आधी माती उपसली. दगडांचं सोलिंग केलं, त्यावर खडी, त्यावर कच म्हणजे दगडाचा बारीक चुरा, आणि वरून रोलर. मधोमध उंचवटा ठेवून दोन्ही बाजूंना दहा मीटरला दहा सेंटिमीटर ढाळ दिला. कडेने चर खणले. खडी आणि वाळू एकमेकींत मिसळू नयेत म्हणून मध्ये जिओटेक्स्टाइलचं, म्हणजे पाणी झिरपू देणारं पण वाळू अडवणारं, कापड अंथरलं. हे सगळं पुरलं गेलं, आता कुणाला दिसत नाही. पण पैसा आणि जीव इथेच लावायचा असतो.

वाळूत मात्र आम्ही फसलो. ठेकेदाराने खाडीची रेती आणून टाकली. स्वस्त आणि दिसायला सुरेख. पण दाणे गोल, नाचणीवर पाय ठेवावा तसे खुराखालून सरकणारे. त्यातले शिंपले उन्हाळ्यापर्यंत खुरांनी कुटले गेले आणि त्यांची पूड उडायला लागली. एके सकाळी मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे, म्हणाले, “ताई, घोडी पुढचा डावा पाय जपतेय.” कंडरेला सूज होती. ती तीन महिने पागेत उभी होती, आणि रोज तिच्या पायावर पाण्याची धार धरताना मला त्या रेतीचा दाणा न् दाणा आठवत होता.

ती सगळी रेती उपसून टाकली आणि धुतलेली, चाळलेली, कोनदार दाण्यांची सिलिका वाळू आणली. सिंधुदुर्गात कासार्डे परिसरात तिच्या खाणी आहेत. कोनदार दाणे एकमेकांत अडकतात, खूर धरून ठेवतात. सुरुवातीला सहाच सेंटिमीटर थर दिला. एकेक सेंटिमीटर वाढवायचा म्हणजेसुद्धा सव्वाचार ब्रास वाळू (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). कमी पडली तर घालता येते, पण जास्त झालेली काढताना कंबर मोडते.

(संध्याकाळ. फळी ओढली जात आहे.)

घोडे कडेकडेने चालतात, त्यामुळे तिथे चाकोरी पडते आणि वाळू आत-बाहेर ढकलली जाते. ती रोज परत ओढायची. लीद लगेच उचलायची. राहिली तर कुजून वाळूत मिसळते, धूळ होते, पाण्याची वाट बुजवते. पावसाळ्यात ढाळ आणि चर आपलं काम करतात. ऑक्टोबरपासून पाणी आम्ही घालतो, एप्रिल-मेमध्ये दिवसातून दोनदा. किती घालायचं ते मूठ सांगते. वाळूचा लाडू वळला पाहिजे, पण बोटांतून पाणी गळता कामा नये.

(खुराच्या ठशाचं जवळचं दृश्य.)

हा आजचा ठसा. कडा उभ्या राहिल्यात, ढासळलेल्या नाहीत. नालेची गोलाई स्पष्ट आहे, खुराच्या तळव्याचा मधला त्रिकोणही उमटलाय. मोतद्दार त्यात बोट घालून खोली बघतात, मान हलवतात आणि दुसऱ्या कोपऱ्यातला ठसा बघायला निघतात.