भाद्रपदेच्या चौकोनात किती तारे?

त्रिपुरी पौर्णिमा होऊन पाच-सहा दिवस झाले, चंद्र आता उशिरा उगवतो, म्हणून आधी एक काम सांगतो. घरी गेल्यावर आठच्या सुमारास गच्चीवर जा आणि मान सरळ वर करा. नागपूरचा अक्षांश 21 अंश. पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदांच्या चार ताऱ्यांचा मोठा चौकोन आपल्या अगदी माथ्यावरून जातो. चारही कोपरे धंतोलीसारख्या भर शहरातल्या वस्तीतूनसुद्धा दिसतील. आता चौकोनाच्या आत किती तारे दिसतात ते मोजा. माझ्या गच्चीवरून एकही दिसत नाही. जिथे सहाव्या प्रतीचे, म्हणजे डोळ्यांना जेमतेम जाणवणारे मंद तारेही दिसतात, अशा काळोखात तिथे डझनाच्या आसपास मोजता येतात.

मग प्रश्न येतो, असा काळोख हवा तर शहरापासून किती लांब जायचं? मर्ल वॉकर या खगोलशास्त्रज्ञानं 1977 मध्ये एक ढोबळ नियम मांडला. शहराच्या दिशेचं आकाश किती उजळतं, हे अंतर वाढेल तसं अडीच घातानं कमी होतं. म्हणजे 30 किलोमीटरवरून 60 किलोमीटरवर गेलात, तर त्या बाजूचा उजेड जवळपास सहाव्या हिश्श्यावर येतो. माझ्या मते आपली मंडळी इथेच चुकतात. ती तास-अर्ध्या तासात कंटाळून पहिल्याच ढाब्यापलीकडे गाडी लावतात. आणखी तेवढंच अंतर काटलं असतं तर आकाश ओळखू आलं नसतं.

पण अंतराइतकीच दिशा महत्त्वाची, आणि हे नागपूरकरांनी नीट समजून घ्यायला हवं. आपल्याकडचा उत्तम काळोख उत्तरेला, पेंचमध्ये. जानेवारी 2024 मध्ये डार्कस्काय इंटरनॅशनल या संस्थेनं पेंच व्याघ्र प्रकल्पाला डार्क स्काय पार्कचा, म्हणजे रात्रीचा काळोख जपणाऱ्या उद्यानाचा दर्जा दिला. भारतातला हा पहिलाच. लडाखचं हानले 4,500 मीटर उंचीवर आहे, तिथलं आकाश अप्रतिमच, पण पेंचमधलं सिल्लारी आपल्यापासून दीड-दोन तासांवर आहे! तिथे उभं राहिलात की डोक्यावर आणि उत्तरेला काळंभोर आकाश मिळतं. नागपूरच्या उजेडाचा घुमट मात्र दक्षिण क्षितिजावर बसलेला असतो. नेमके दक्षिणेकडचे पाहुणे आपल्याकडे खालूनच जातात. अगस्त्य हा तारा क्षितिजापासून फार तर 16 अंश वर चढतो. नरतुरंग या तारकासमूहातला ओमेगा सेंटॉरी हा थोरला तारकागुच्छ एप्रिल-मेमध्ये 21 अंशांपर्यंत येतो. ते बघायचे तर शहर पाठीशी हवं, म्हणजे आपण नागपूरच्या दक्षिणेला हवं. उमरेड आणि तिथल्या कोळसाखाणींचे दिवे ओलांडून पुढे एखाद्या ओळखीच्या शेतात. जंगलात रात्री परवानगीशिवाय शिरायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

हवेचं काय? मे महिन्यात ढग नसतात, पण धूळ असते, आणि धुळीवर शहराचा उजेड पसरतो. रात्र निरभ्र असली म्हणजे हवा स्वच्छ असतेच असं नाही. माझ्या अनुभवात सर्वांत पारदर्शक रात्री येतात त्या अवकाळी पावसानंतर. शेतकऱ्याचं नुकसान करून गेलेला तो पाऊस, त्याचं कौतुक करताना जीभ अडखळते, पण हवा धुऊन निघते हे खरं. थंडीत पहाटे शेतात धुकं उतरतं, तेव्हा मध्यरात्रीपर्यंतचा वेळ हातचा घालवू नका.

डोळ्यांना काळोखाची सवय व्हायला अर्धा तास लागतो. मोबाइल एकदा उजळला की पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. टॉर्चला लाल जिलेटीन लावा, एवढं पुरे.

पेंचची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. तिथला काळोख नुसता शिल्लक राहिलेला नाही, तो राखलेला आहे. वाघोडा, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांत शंभराहून जास्त दिवे बदलून जमिनीकडे तोंड केलेले बसवले. गावात अंधार झाला नाही. पायाखालची वाट दिसते, विंचू-काटा दिसतो, फक्त वर जाणारा उजेड थांबला. आपल्या कॉलनीतला दिवा असाच वाकवता येईल, आणि निळसर पांढऱ्याऐवजी पिवळसर लावता येईल. निळा प्रकाश हवेत जास्त विखुरतो, दिवसाचं आकाश निळं दिसतं ते त्यामुळेच.

येत्या कार्तिक अमावास्येला आम्ही काहीजण उमरेडच्या पुढे जाणार आहोत. सतरंजी, स्वेटर, कानटोपी आणा. आधी चौकोनातले तारे मोजू. मग त्याच्या ईशान्य कोपऱ्यावरून पुढे सरकत देवयानी दीर्घिकेचा धुरकट ठिपका शोधू. 25 लाख वर्षांपूर्वी निघालेला तो उजेड दुर्बिणीशिवाय डोळ्यांत घेता येतो. आज गच्चीवर जो आकडा मिळेल, शून्य असला तरी, तो कागदावर लिहून सोबत आणा.