वन्समोअर, मॅनडेम!

अध्यक्षमहाशय, आणि या पावसात आलेली मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय ‘लंडनच्या तरुणांची भाषा आणि भूमिगत संगीत’. ‘भूमिगत’ हा संयोजकांचा शब्द. हे संगीत भूमिगत वगैरे नव्हतं, चांगलं गच्चीवर होतं. पूर्व लंडनच्या उंच सरकारी इमारतींच्या गच्चीवर रात्री कुणीतरी अँटेना बांधून यायचं आणि जवळच्या एखाद्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात टर्नटेबल मांडून पोरं प्रसारण करायची. परवाना नाही. पायरेट रेडिओ. हॅकनीत कूल एफएम १९९१ ला सुरू झालं, रिन्स एफएम १९९४ ला. रिन्सच्या स्लिमझी या डीजेला तर २००५ मध्ये न्यायालयाने टॉवर हॅमलेट्समधल्या उंच इमारतींच्या गच्च्यांवर जायला मनाई केली. म्हणजे गाणं वाजव बाबा, पण कपडे वाळत घालायला दुसऱ्या कुणाला पाठव. पुढे २०१० मध्ये त्याच रिन्सला रीतसर परवाना मिळाला.

आता आमच्या ऑफिसाची गोष्ट. नाव घेत नाही, पेन्शन अजून तिथूनच येतं. भारतातून गेलेल्या आम्हा लोकांसाठी त्यांनी ‘स्थानिक इंग्रजी’चा वर्ग ठेवला होता. शिकवायला एक फार गोड बाई यायच्या. त्यांनी प्रत्येकाला एक लॅमिनेट केलेलं कार्ड दिलं. त्यावर ‘बॉब्ज युअर अंकल’, ‘इट्स रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’, असलं काय काय. मी ईस्ट हॅमला राहायचे. तिथे पाऊस भरपूर, पण कुत्र्या-मांजरांचा कुणी उल्लेखही करत नसे. वर्ग संपवून खाली आलं की दाराशी सिक्युरिटीचा मुलगा बसलेला असायचा, आईवडील बांगलादेशातल्या सिल्हेटचे. मी विचारायचे, कसा आहेस? तो म्हणायचा, ‘मॅन्स टायर्ड, यू गेट मी?’ मी आजूबाजूला बघायचे. दमलेला दुसरा कुणी माणूस दिसत नसे. हा ‘मॅन’ लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे. कार्डावर तो नव्हता.

आणि ही कार्डं संपलेली नाहीत हो, व्हॉट्सॲपवर आलीत. ‘लंडन स्लँग, शंभर शब्द’. माझा भाचा लेस्टरला शिकायला आला तो अशी यादी कोथरूडहूनच पाठ करून. पेंग म्हणजे सुंदर, बेअर म्हणजे पुष्कळ, एंड्ज म्हणजे आपला मोहल्ला, वेस्टमन म्हणजे… समोर दोन-तीन नमुने बसलेत, जाऊ दे. पहिल्याच दिवशी हा प्राध्यापकांना म्हणाला, ‘वागवान!’, म्हणजे ‘काय चाललंय?’ प्राध्यापक निघाले जमैकन. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि अतिशय स्वच्छ इंग्रजीत म्हणाले, ‘गुड मॉर्निंग.’ शब्द बरोबर होता, अर्थ बरोबर होता. पण कुणाला, कधी म्हणायचं, हा रकाना यादीत नसतो.

मग लंडनची पोरं हे शिकतात कुठे? माझा मुलगा रात्री पायरेट लावायचा, मी शेजारी इस्त्री करायचे. एमसी, म्हणजे माइकवर बोलणारा, मध्येच म्हणायचा, ‘बिग अप द थ्री-फोर-नाइन, बिग अप द वन-टू-सिक्स.’ बिग अप म्हणजे शाबास. हे श्रोत्यांच्या मोबाइलचे शेवटचे तीन आकडे. नाव नको, पत्ता नको, पोलीस ऐकत असतील. श्रोते चक्क मिस्ड कॉल द्यायचे. एक पैसा खर्च न करता! मला फार आपलं वाटलं. गाणं आवडलं की मिस्ड कॉलचा मारा, आणि तो पुरेसा झाला की डीजे रेकॉर्ड हाताने मागे ओढायचा, भर्रर्र, आणि परत पहिल्यापासून. रिवाइंड!

हे रिवाइंड जमैकाच्या किंग्स्टनचं. तिथे १९५० च्या दशकात साउंड सिस्टिम निघाल्या, रस्त्यावर कपाटाएवढे स्पीकर. रेकॉर्ड लावणारा तो सिलेक्टर, आणि माइकवर बोलतो त्याला तिथे डीजे म्हणतात. १९४८ ला वेस्ट इंडीजची माणसं घेऊन विंडरश जहाज लंडनजवळच्या टिलबरी बंदराला लागलं, त्यानंतर तिकडून जी माणसं ब्रिटनला येत राहिली त्यांच्याबरोबर हेही आलं. आणि आपल्याला यात नवीन काय? बालगंधर्वांच्या पदाला वन्समोअरवर वन्समोअर पडायचे, नाटक पहाटेपर्यंत चालायचं. पिटातल्या माणसाला पद पाठ व्हायचं ते पुस्तक वाचून नव्हे. (आजोबा मान हलवताहेत. बघा, पटलं.)

लगे हाथ सांगते, जमैकाला ‘गांजा’ हा शब्द आपल्याकडून गेला. १८४५ पासून हिंदुस्थानी मजूर तिथे उसाच्या मळ्यांवर नेले, त्यांच्याबरोबर. टाळ्या वाजवू नका. आणि १९९३ चं ‘बूम शॅक-अ-लॅक’, ते गाणारा अपाची इंडियन हा बर्मिंगहॅमच्या हँड्सवर्थचा पंजाबी मुलगा, जमैकन पॅट्वात, म्हणजे तिथल्या बोलीत, गाणारा. तुमच्यातले निम्मे त्यावर गॅदरिंगला नाचलेत. शपथेवर सांगा, एक ओळ कळली होती? त्याच्याही आधी, १९८४ ला, सॅक्सन साउंड सिस्टिमच्या स्माइली कल्चरने ‘कॉकनी ट्रान्सलेशन’ काढलं. कॉकनी, म्हणजे पूर्व लंडनचा अस्सल गोरा कष्टकरी, असं म्हणतो, आम्ही तसं म्हणतो, अख्खं गाणंभर. तीही यादीच, पण नाचता येणारी.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं. ज्यासाठी बोलावलंत ते आता पळत पळत सांगते.

जेनी चेशायर आणि पॉल करस्विल या भाषाशास्त्रज्ञांनी २००४ पासून हॅकनी आणि आसपासच्या मुलांची बोली अभ्यासली. तिचं नाव मल्टिकल्चरल लंडन इंग्लिश. वर्तमानपत्रांनी तिला ‘जफेकन’ म्हणून हिणवलं, म्हणजे नकली जमैकन. साफ चूक. तुर्की, बंगाली, घानाची, गोरी, सगळी मुलं ती बोलतात, आणि ती त्यांची रोजची भाषा आहे. त्यातला ‘मॅन’ म्हणजे ‘माणूस’ नव्हे. ते सर्वनाम आहे, बहुतेकदा ‘मी’. ‘मॅनडेम’ म्हणजे आपली पोरं, आपलं टोळकं; त्यातला ‘डेम’ हा जमैकन अनेकवचनाचा प्रत्यय. शब्द यादीतून येतात. पण सर्वनाम आणि प्रत्यय कुणी पाठ करत नाही, ते शंभरदा कानावर पडून अंगात मुरतात. रिवाइंडने हेच काम केलं, असं माझं म्हणणं. भाषाशास्त्रज्ञ रेडिओला एवढं श्रेय देत नाहीत, ते मित्रांच्या टोळक्याला देतात. मान्य. पण मी पाहिलंय, टोळकं रेडिओभोवतीच बसलेलं असायचं. पूर्व लंडनच्या बो भागातल्या डिझी रास्कल या रॅपरला २००३ चं मर्क्युरी हे संगीताचं पारितोषिक मिळालं, तोही आधी पायरेटवरच तयार झालेला.

दोन गोष्टी आणि बसते. २०१३ मध्ये दक्षिण लंडनच्या एका शाळेने ‘बेअर’, ‘इनिट’ (म्हणजे ‘हो ना?’) वगैरेंवर बंदीची पाटी लावली. वाक्य ‘बेसिकली’ने सुरू करायलाही बंदी. ती पाटी पुण्यात लागली तर ही व्याख्यानमाला बंद पडेल. दुसरी गोष्ट हसण्यासारखी नाही. ड्रिल हा रॅपचा एक प्रकार; त्या गाण्यांच्या ओळी इंग्लंडच्या न्यायालयांत पुरावा म्हणून वाचल्या जातात. कार्डवाले तिथेही पोचलेत. या शब्दाचा हा अर्थ, त्या शब्दाचा तो, आणि ‘मॅन’ म्हणजे नक्की आरोपीच का, हे ज्युरीला कोण सांगणार?

अध्यक्ष उभे राहिले. क्लिप आणली होती, ती चहाच्या वेळी बाहेर लावते. ‘मॅन’ किती वेळा येतो ते मोजायचं असेल त्यांनी स्पीकरपाशी या. बाकीच्यांसाठी बिस्किटं मागच्या टेबलावर आहेत.