मी गेलो, मी गेले

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या महिन्यात मी चार मराठी कादंबऱ्या वाचायला घेतल्या आणि चारही मोठ्याने वाचल्या. माझ्या आईचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते, आणि चष्म्याचा नवा नंबर महिन्याभराने मिळेल, तोपर्यंत वाचन करू नका, असे तिला सांगण्यात आले होते. रात्री चार पाने वाचल्याशिवाय जिला कधी झोप आली नाही, तिने हा महिना कसा काढावा, असा प्रश्न होता. तेव्हा जेवणे आटोपली की साडेनऊपासून अकरापर्यंत मी वाचायचे आणि तिने डोळे मिटून ऐकायचे, असे आम्ही ठरवले. पुस्तके घरच्याच कपाटातली होती. ती निवडताना मी काही विशेष विचार केला नव्हता, पण दुसऱ्या आठवड्यात माझ्या ध्यानात आले की चारही कादंबऱ्या प्रथमपुरुषी आहेत, म्हणजे त्यांतला कोणीतरी ‘मी’ आपली हकिगत आपल्या तोंडाने सांगतो आहे. मनातल्या मनात वाचताना या ‘मी’चे मला कधी ओझे वाटले नव्हते. मोठ्याने वाचताना मात्र तो शब्द प्रत्येक वाक्यात माझ्याच तोंडून उच्चारावा लागतो, आणि मग हा ‘मी’ कोण, तो कोणाशी बोलतो, आणि त्याला स्वतःविषयी किती कळले आहे, हे प्रश्न टाळता येत नाहीत.

आपल्या भाषेत तर हा ‘मी’ फारच उघडा असतो. इंग्रजीत ‘मी गेलो’ आणि ‘मी गेले’ या दोन्हींसाठी एकच वाक्य चालते; बोलणारा पुरुष आहे की बाई, हे पानेच्या पाने लपवून ठेवता येते. मराठीत पहिल्याच क्रियापदाला ते सांगून टाकावे लागते. त्यातही आमच्या घरातली गोष्ट थोडी वेगळी आहे. माझी आई कागलजवळच्या एका खेड्यातली, शेतकऱ्याची मुलगी. लग्न होऊन पुण्यात आली त्याला पन्नास वर्षे होऊन गेली, तरी ती आजही कोल्हापूरकडच्या बायकांप्रमाणे ‘मी आलो’, ‘मी जातो’ असेच म्हणते. लहानपणी शाळेतल्या मैत्रिणींसमोर मला त्याचा संकोच वाटत असे. त्या संकोचाचे मला आज फार वाईट वाटते, आणि या महिन्याच्या वाचनात तेही मनात होते.

आरंभ केला तो व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’पासून. १९५५ साली पुस्तकरूपाने आलेली ही कादंबरी आकाराने लहान आहे, पाच-सहा रात्रींत वाचून झाली. औंध संस्थानातल्या एका धनगरवाडीवर राजाराम नावाचा कोवळ्या वयाचा मास्तर शाळा चालवायला जातो. तिथे मुले मेंढरांमागे असल्यामुळे शाळा ओस पडलेली असते. हळूहळू म्हातारा कारभारी, आयबू, आनंदा रामोशी अशी माणसे त्याच्याभोवती गोळा होतात, वाडीत तालीम उभी राहते, राजेसाहेब ती पाहायला येतात, आणि मग पाऊस दडी मारतो आणि वाडी उठते. एवढ्यात कथानक संपते. मास्तर निवेदन करतो ते प्रमाण मराठीत आणि वाडी बोलते ती माणदेशी बोलीत. मोठ्याने वाचताना मला पानोपानी या दोन भाषांमधली पायरी चढावी-उतरावी लागली, आणि मला वाटते, या मास्तरचे सगळे जगणेच त्या पायरीवर उभे आहे. तो वाडीचे अर्ज लिहितो, भांडणे मिटवतो, सर्वांना हवासा वाटतो, पण वाडीचा होत नाही. कारभाऱ्याच्या मुलीच्या, अंजीच्या, साध्या चोळीच्या प्रकरणावरून म्हातारा त्याच्यावर रुसतो, तेव्हा आपण परके आहोत हे त्याला जसे कळते, तसे ते कोणत्याही चर्चेतून कळले नसते. एका बैलाच्या जोडीला शेकूची बायको स्वतःच्या खांद्यावर जू घेते, तो प्रसंगही मास्तर पाहतो आणि सांगतो. त्यावर भाष्य करत नाही. वाचताना माझा आवाज तिथे थोडा चढला होता. आई म्हणाली, “हळू वाच. तो ओरडत न्हाई.” माडगूळकर पुढे अनेक वर्षे पुणे आकाशवाणीवर ग्रामीण कार्यक्रमांचे काम करत होते. कानाला काय पोचते आणि कशाने कान किटतो, याची त्यांना असलेली जाण या कादंबरीच्या संयमात मला दिसते. माझी एकच तक्रार आहे, ती अशी की वाडीतल्या बायका आपल्याला मास्तरच्या उंबरठ्यावरूनच दिसतात. पण तो मास्तरच तिथे उभा आहे, त्यामुळे याला लेखकाचा दोष म्हणणे मला जड जाते.

त्यानंतर आनंद यादवांची ‘गोतावळा’ घेतली, १९७१ सालची, आणि आमच्या घरातले वाचन त्या रात्रीपासून बदलले. इथे प्रमाण भाषेची पायरीच नाही. नारबा नावाचा एक शेतगडी पहिल्या ओळीपासून आपल्या बोलीत बोलतो आणि संवादांच्या बाहेरचे सगळे निवेदनही त्याच बोलीत चालते. यादवही कागलचेच. म्हणजे आईच्या माहेरची भाषा माझ्यासमोर छापलेली होती आणि ती मला वाचता येत नव्हती. अक्षरे कळत होती, पण वाक्याचा हेल कुठे उचलायचा आणि कुठे सोडायचा हे कळत नव्हते, आणि माझी जीभ नकळत क्रियापदे सुधारून वाचत होती. आई दर वेळी थांबवायची. एका ठिकाणी मी कासरा आणि दावे यांत फरक नसल्यासारखे काहीतरी बोलले, तेव्हा ती उठून बसली. उशाशी औषधांची कापडी पिशवी होती. तिचा एक बंद तिने खाटेच्या गजाला आखूड बांधला आणि म्हणाली, “हे दावं. जनावर गव्हाणीला बांधत्यात ते.” मग दुसरा बंद सोडवून त्याचे टोक माझ्या हातात दिले आणि दुसरे आपल्या मुठीत धरून हलके ओढले. “आणि ह्यो कासरा. ह्यो माणसाच्या हातात आसतोय. बैलाला कळतंय, कुणाच्या हातात हाय ते.” त्या रात्रीपासून मी वाक्य वाचायचे आणि तिने ते आपल्या सुरात पुन्हा म्हणायचे, असा क्रम पडला. वेग निम्म्यावर आला, पण कादंबरी मला पहिल्यांदा ऐकू आली.

नारबाला जवळचे असे कोणी माणूस नाही. मालकाच्या मळ्यातले बैल, गाई, म्हसरे, कुत्री हाच त्याचा गोतावळा, आणि कादंबरीचे नाव त्या अर्थाने सरळ आणि शब्दशः खरे आहे. मळ्यावर ट्रॅक्टर येतो आणि जनावरे एकामागून एक जाऊ लागतात. शेतीतल्या बदलांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यांत आकडे असतात, धोरणे असतात, आणि ते सगळे आवश्यकही आहे. नारबाला यातले काही ठाऊक नाही. तो फक्त गोठ्यातून आज कोण गेले ते सांगतो, ते जनावर कसे चालत असे, कशाला बिचकत असे, कोणाच्या अंगाला अंग लावून उभे राहत असे, ते सांगतो. यादवांचे मोठेपण मला यात वाटते की त्यांनी नारबाच्या डोक्यावरून वाचकाकडे पाहून एकही शब्द बोललेला नाही. सुशिक्षित लेखकाला हा मोह आवरणे किती कठीण असते, हे बहुसंख्य ग्रामीण कादंबऱ्या वाचताना जाणवते. तिथे शेतकरी तिसऱ्या-चौथ्या पानावर एकदम अग्रलेखाच्या भाषेत विचार करू लागतो. नारबाला जे कळत नाही ते कादंबरीतही कोणी समजावून सांगत नाही, आणि म्हणूनच ते वाचकाला फार खोलवर कळते. मधल्या काही प्रकरणांत तपशील साचत जातात, आपले लग्न व्हावे ही त्याची आस पुन्हापुन्हा येते आणि वाचन रेंगाळते, हे मान्य करूनही या महिन्यातल्या चारांपैकी ही कादंबरी मला सर्वांत श्रेष्ठ वाटली. जनावरे विकली जाण्याचा भाग वाचून झाल्यावर आई बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने आपल्या वडिलांनी शेवटची बैलजोडी विकल्याची आठवण सांगितली, जी मी तोपर्यंत कधी ऐकली नव्हती. “खुंटं तसंच ऱ्हायलं हुतं,” ती म्हणाली, “बा रोज सकाळी तितं जाऊन हुबा ऱ्हायाचा.”

तिसरी कादंबरी भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’. १९६३ पासून तिच्यावर इतके लिहिले गेले आहे की मी थोडक्यातच बोलते. पांडुरंग सांगवीकर खेड्यातून पुण्याला शिकायला येतो आणि नापास होऊन परततो, ही हकिगत तो ज्या ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ने भरलेल्या भाषेत सांगतो, ती भाषा कॉलेजात असताना आम्ही सगळ्यांनी उचलली होती. या वेळी मोठ्याने वाचताना ते ‘वगैरे’ मला वेगळेच लागले. ज्या गोष्टीपाशी थांबले तर दुखेल, ती गोष्ट झटकून पुढे जाण्यासाठी पांडुरंग तो शब्द वापरतो, असे माझे आता मत झाले आहे. धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने जाते, तिथे त्याला असे पुढे जाता येत नाही. थट्टेचा सूर तिथे टिकत नाही, आणि ती पाने मराठी गद्यातली फार थोर पाने आहेत. उरलेल्या कादंबरीत मात्र घरातल्या बायकांच्या दुःखाला पांडुरंगाच्या लेखी फारशी जागा नाही, हे विशीत मला दिसले नव्हते आणि आता त्याचा त्रास झाला. एका बाईने दहा रात्री ‘मी गेलो, मी आलो’ असे वाचत राहणे हा त्या त्रासाचा भाग असेलही. आईला तसे काही खटकले नाही; तिचे तर ते रोजचेच बोलणे.

आणि म्हणून शेवटी हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ वाचायला घेतली. आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केले, त्यातून ही कादंबरी क्रमाक्रमाने आली आणि १८९३ मध्ये पुस्तक झाली. याच काळात, १८९१ साली, संमतिवयाचा कायदा होऊन मुलीशी शरीरसंबंध ठेवण्यासाठीच्या संमतीच्या वयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर आली. दहा आणि बारा हे आकडे आज नुसते उच्चारतानाही मन थरकापते, आणि त्या दोन वर्षांसाठी पुण्यात केवढे रण माजले होते हे आपण इतिहासात वाचतो. अशा वेळी पंचविशीतला एक पुरुष ‘मी’ या शब्दापुढे स्त्रीलिंगी क्रियापद लिहायला बसतो आणि शेकडो पाने ‘मी गेले’, ‘मी रडले’, ‘मी गप्प बसले’ असे लिहीत राहतो. रमाबाई रानड्यांच्या आठवणी छापून आल्या त्या १९१० साली, म्हणजे आपट्यांच्या नायिकेनंतर, यमूनंतर, जवळजवळ वीस वर्षांनी. मराठी घरातली बाई स्वतःच्या तोंडाने स्वतःविषयी लांबलचक काही सांगते आहे, हे वाचण्याची सवयच ज्या वाचकांना नव्हती, त्यांच्यासमोर ही यमू बोलू लागली, आणि तिने सुरुवात केली ती भावाबरोबरच्या लहानपणीच्या खेळांपासून.

या कादंबरीच्या संथपणाला अनेकजण कंटाळतात. मला मोठ्याने वाचताना तो संथपणा यमूच्या दिवसांचाच वाटला, कारण आज्ञा ऐकण्यात, चाहूल घेण्यात आणि माजघरात थांबून राहण्यातच तिचा वेळ जातो. सासरी ती प्रत्येक पावलाला कानोसा घेते, आणि आपटे तो कानोसा वाक्यात आणतात. मुंबईच्या बिऱ्हाडात नवरा, रघुनाथराव, तिला बरोबरीने वागवतो, ती लिहू-वाचू लागते, तेव्हा तिची वाक्येही मोकळी होतात. तिथे काही ठिकाणी सुधारणेवरचे वाद तिच्या हकिगतीत फार सविस्तर येतात आणि यमूच्या आवाजाखाली आपट्यांचा आवाज ऐकू येतो, तेवढा भाग मला उणा वाटतो. पण जिवलग मैत्रीण दुर्गीचे हाल यमू सांगते, तेव्हा पुन्हा तीच बोलत असते.

आईने हे सगळे एखाद्या परमुलखातली हकिगत ऐकावी तसे ऐकले, कारण हे पुण्याच्या ब्राह्मण वाड्यांतले जग तिच्या माहेरचे नव्हते. विधवेचे केस काढण्याविषयी मी तिला विचारले, तेव्हा ती म्हणाली, “आमच्यात केस काढत नव्हते. पण कुकू पुसायचे, आणि हळदी-कुकवाला बोलवायचे न्हाईत. तेवढं पुरं हुतं.” रघुनाथरावाच्या आजारपणापर्यंत आम्ही पोचलो आणि तिने हात वर करून मला थांबवले. पुढे काय होणार हे तिला कळले होते, मीही पूर्वी वाचलेले असल्याने तोंड लपवू शकले नाही. यमूच्या सासरचे शंकरमामंजी आणि त्या केशवपनाचा प्रसंग माझ्या आवाजात ऐकायचा नाही, असे ती म्हणाली. “तू ‘मी’ म्हणत वाचतेस,” एवढेच कारण तिने दिले.

चष्मा गेल्या सोमवारी आला. खूण म्हणून पानात घातलेली पोस्टाची पावती तिने काढून ठेवली आहे, आणि उरलेली पाने ती दुपारच्या उजेडात, खिडकीशी बसून, ओळीखाली बोट धरून स्वतः वाचते आहे. मी दारातून पाहते. ओठ हलत असतात, पण आवाज येत नाही.

नमस्कार.