काकू, तुमच्याकडे शिकवतात काय?

कोथरूडमधली जुनी सोसायटी, तळमजल्यावरचा टू बीएचके, हेच काकूंचं पाळणाघर. हॉलमध्ये सोफा नाही, टीव्ही आहे पण त्यावर चादर टाकलीये. सकाळी साडेआठपासून दाराशी चिमुकल्या चपलांचा ढीग पडायला लागतो, आईबाबांना हिंजवडी नाहीतर खराडी गाठायची असते, त्यामुळे सगळे घाईत आणि एकदोन पोरांचे भोंगे वाजतातच. काकूंचा नियम एकच, गुपचूप सटकायचं नाही, सांगून जायचं. रडेल, रडू दे. आठ-नऊ महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत आई दिसेनाशी झाली की पोरं कासावीस होतात, ते वाढीचंच लक्षण आहे, आणि सांगून गेलेली आई संध्याकाळी खरंच येते हे रोज घडत गेलं की मगच भरवसा बसतो.

सगळ्यात छोटं मेंबर जेमतेम सहा महिन्यांचं. 2017 मध्ये कायदा बदलला, बाळंतपणाची भरपगारी रजा 26 आठवडे झाली, ती संपली की लगेच पाळणाघर. 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय हवी हेही त्याच बदलात आलं, पण छोट्या ऑफिसात काम करणारीला काकूच. आणि मोठ्यात मोठी चौथीतली ताई, शाळा सुटली की येते.

नवीन पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला, "तुम्ही शिकवता काय?"

आता हे बघा. पेपर अंथरलाय, त्यावर मटारच्या शेंगा. हा अडीच वर्षांचा पिवळा टीशर्ट, शेंग दाबतोय, उघडत नाही, दातात धरतो, मग शेजारचीनं टोक कसं मोडलं ते टक लावून बघतो आणि फट्! एक दाणा थेट कपाटाखाली. अंगठा आणि पहिलं बोट, ही चिमूट वर्षाच्या आत-बाहेर जमायला लागते आणि पुढे पेन्सिलही याच बोटांनी धरायचीये. काकूंची नजर मात्र सगळ्यांच्या तोंडाकडे, दाणा घशात अडकू शकतो म्हणून रांगणाऱ्यांना या पंगतीत एंट्री नाही.

"किती निघाले रे?"
"दोन!" (निघालेत पाच.)
"अगंबाई, आणि हा लपलेला कोण?"

पोर बोलतं, काकू उत्तर देतात, मग थांबतात, परत पोराची पाळी. भाषा अशीच येते. टीव्ही कितीही बोलला तरी थांबत नाही, म्हणून ती चादर.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात लिहिलंय की मेंदूची 85 टक्क्यांहून जास्त वाढ सहा वर्षांच्या आत होते. हे ऐकून लोक तीन वर्षांच्या पोरापुढे वर्कशीट टाकतात, म्हणजे कमालच आहे! ताराबाई मोदक आणि अनुताई वाघ यांनी पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडला आदिवासी मुलांसोबत बिया, पानं, शिंपले, जे आजूबाजूला मिळेल त्यावरच बालशिक्षण उभं केलं होतं, आणि आपण पुण्यात बसून फ्लॅशकार्ड ऑर्डर करतोय.

दुपारी राडा झाला. ट्रक एक, गिऱ्हाईकं दोन, आणि एकानं दुसऱ्याच्या दंडाला कचकन चावा घेतला. या वयात पोरं शेजारी बसतात पण खेळतात आपापलं, हवं ते मागायला शब्द पुरत नाहीत, मग दात कामाला येतात. काकू आधी चावा बसलेल्याला जवळ घेतात, दंड धुतात, मग दुसऱ्यासमोर उकिडव्या बसून, "तुला ट्रक हवा होता ना? 'मला दे' म्हण. चावायचं नाही, दुखतं." ओरडा नाही, कोपऱ्यात उभं करणं नाही. संध्याकाळी दोन्ही घरी सांगतात, फक्त कोण कोणाला चावलं त्याचं नाव घेत नाहीत, नाहीतर सोसायटीच्या गेटवर दुसरा राडा.

तुम्ही पाळणाघर शोधत असाल तर ब्रोशर राहू द्या, जेवायच्या वेळेला जाऊन अर्धा तास बसा. वरणभात थोडा ताटात, थोडा फरशीवर, थोडा केसांत असेल तर फी विचारा. सगळी पोरं मोबाईलसमोर आ वासून भरवून घेत असतील तर पाणी पिऊन निघा.