‘संघ विका!’

(दृश्य: ओकलंड, कॅलिफोर्निया. कोलिसियम या बेसबॉल स्टेडियमच्या पार्किंगमध्ये गर्दी. ढोलांचा आवाज जवळ येत जातो.)

१३ जून २०२३, मंगळवार. दुपारपासूनच पार्किंगमध्ये शेगड्या पेटल्यात. खोक्यांतून हिरवे टी-शर्ट निघतायत आणि फुकट वाटले जातायत. छातीवर एकच शब्द आहे, ‘सेल’. विका.

महिनाभरापूर्वी, १५ मे रोजी, ओकलंड ॲथलेटिक्स या बेसबॉल संघाचा सामना बघायला इथे अवघी २,०६४ माणसं होती. आज २७,७५९ आहेत. चाहत्यांनी याला नाव दिलंय उलटा बहिष्कार. मालकाचा निषेध करायचा, आणि तोही स्टेडियम भरून.

कारण ‘ओकलंडमध्ये प्रेक्षकच येत नाहीत’ हे वाक्य ऐकून ऐकून त्यांचे कान किटले होते.

(दृश्य: जुनी क्षणचित्रं.)

हा संघ १९६८ साली ओकलंडला आला. १९७२, ७३, ७४, सलग तीन वर्षं वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकन बेसबॉलचं अजिंक्यपद, जिंकली. १९८९ मध्ये चौथी. याच गावच्या गल्ल्यांत वाढलेल्या रिकी हेंडरसननं १ मे १९९१ रोजी याच मैदानावर तिसरा बेस चोरला, म्हणजे फटका बसायची वाट न बघता धावत पुढचा टप्पा गाठला, आणि बेस चोरण्याचा सर्वकालीन विक्रम आपल्या नावावर केला. आपल्या वानखेडेवर जी मेक्सिकन वेव्ह उठते ना, ती टीव्हीवर पहिल्यांदा दिसली, १५ ऑक्टोबर १९८१ ला, ती याच गॅलरीत. या गावाला संघ सांभाळता येत नाही, असं म्हणायला धीर लागतो.

२००५ मध्ये संघ विकला गेला, साधारण १८ कोटी डॉलरना. घेणाऱ्यांत होते जॉन फिशर, ‘गॅप’ या कपड्यांच्या कंपनीच्या संस्थापकांचे चिरंजीव. आधी फ्रीमाँट, मग सॅन होजे, मग ओकलंडच्याच बंदरातली हॉवर्ड टर्मिनलची जागा. नव्या स्टेडियमची चित्रं दर काही वर्षांनी नव्यानं रंगवली गेली. जुनं कोलिसियम तोवर मोडकळीला आलं. तिथलं ड्रेनेज तुंबायचं, आणि २०१३ मध्ये तर ते थेट खेळाडूंच्या खोल्यांत शिरलं. तरी उजव्या बाजूच्या बाकांवर ढोल वाजत राहिले.

चाहत्यांच्या मनाला खरी जखम झाली ती मार्च २०२२ मध्ये. आदल्या हंगामात संघानं ८६ सामने जिंकले होते. मॅट ओल्सन, मॅट चॅपमन यांच्या नावाच्या जर्सी घालून पोरं शाळेत जात होती. काही दिवसांच्या अंतरानं दोघंही दुसऱ्या संघांना देऊन टाकले. एकीकडे खेळाडूंवरचा खर्च कापला, दुसरीकडे सीझन तिकिटांचे दर चढवले. त्या वर्षी १०२ पराभव झाले, पुढच्या वर्षी ११२. दुकानातला माल मालकानंच उचलून न्यायचा, भाव वाढवायचे, आणि मग म्हणायचं, गिऱ्हाईक फिरकत नाही! एप्रिल २०२३ मध्ये लास वेगासला जायचं जाहीरही झालं.

(दृश्य: पुन्हा १३ जून. पाचवा डाव.)

समोरच्या टॅम्पा बे संघाचा पहिला फलंदाज उभा राहतो, आणि अख्खं स्टेडियम उठून उभं राहतं. कुणीही बोलत नाही. ढोलही थांबलेत. तो फलंदाज जातो आणि मग एकाच घशातून निघावी तशी आरोळी उठते, ‘सेल द टीम! सेल द टीम!’ संघ विका.

त्या रात्री ओकलंड २–१ नं जिंकलं, ओळीनं सातवा सामना. दोनच दिवसांनी नेवाडाच्या गव्हर्नरांनी वेगासच्या स्टेडियमसाठी ३८ कोटी डॉलरपर्यंतच्या सरकारी पैशाच्या कायद्यावर सही केली. नोव्हेंबरमध्ये लीगचे सगळे संघमालक या स्थलांतरावर मतदानाला बसले. ३० विरुद्ध शून्य. आजोबा, मुलगी, नातू अशा तीन पिढ्या एकाच रांगेत बसून सामने पाहिलेल्या घरांचं एकही मत त्यात नव्हतं. ते विचारण्याची सोयच नाही.

(दृश्य: २६ सप्टेंबर २०२४. कोलिसियम, शेवटचा सामना.)

४६,८८९ माणसं. टेक्सासवर ३–२ असा विजय. तरी घरी कुणी जात नव्हतं. प्रशिक्षक मार्क कोत्से माईक घेऊन गॅलरीसमोर उभे राहिले, आभार मानले आणि एकदाच, शेवटचं, ‘लेट्स गो ओकलंड’ म्हणवून घेतलं. मैदानाची निगा राखणारे कर्मचारी कुंपणापाशी आले. लोकांनी प्लास्टिकचे ग्लास पुढे केले. त्यांनी त्यांत मैदानाची तांबूस माती भरून दिली. ग्लासावर तळहात झाकून माणसं पायऱ्या चढून वर गेली.

संघ आता सॅक्रामेंटोच्या छोट्या मैदानावर खेळतो. वेगासचं स्टेडियम होईपर्यंत तिथेच. त्याच्या नावात सध्या कुठल्याच गावाचं नाव नाही, नुसतं ‘ॲथलेटिक्स’.

(दृश्य: रायमोंडी पार्क, वेस्ट ओकलंड.)

इकडे ओकलंडमध्ये २०२४ पासून एक नवा छोटा संघ खेळतो, ओकलंड बॉलर्स. ॲथलेटिक्सला लोक लाडानं ‘एज’ म्हणायचे. ‘ए’ गेला, म्हणून यांना लाडानं ‘बीज’. त्यात चाहत्यांना हिस्सा विकत घेता येतो. २०२५ मध्ये त्यांनी पायोनिअर लीग ही छोट्या संघांची बेसबॉल स्पर्धा जिंकली. टोपीवर ‘बी’ आहे, आणि रंग अजून हिरवाच.